अर्थ सांग, मग ठेव

गौरी जेवल्या, भांडी पालथी पडली आणि दुपारी माजघरात ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो आडवा झाला. पाऊस न थांबता पडत होता, लाइट सकाळपासून गेलेली, आणि मोबाइलला रेंज हवी तर पडवीच्या टोकाच्या खांबाला टेकून उभं राहावं लागत होतं. उभं राहून पाय दुखले तेव्हा माझी भाची आत आली, फडताळातून अण्णांचा स्क्रॅबलचा (अक्षरांच्या सोंगट्या पाटावर जुळवून इंग्रजी शब्द करायचे, अक्षरागणिक गुण मिळवायचे, तो खेळ) खोका काढला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. ती ठाण्याला राहते, नववीत आहे, हा खेळ फोनवर परक्या माणसांशी खेळते आणि बहुतेक वेळा जिंकते. थोड्याच वेळात तिने तिप्पट गुणांच्या निळ्या घरावर क्यू ठेवला, शेजारी आय आधीच होता, आणि म्हणाली, "एकतीस, आत्या." मी म्हटलं, "हा कसला शब्द?" "क्यू-आय. चालतो." "चालतो, पण म्हणजे काय?" तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "म्हणजे काही नाही गं. यादीत आहे. क्यू अंगावर राहिला तर टाकायला असतो."

टाकायला असतो!

डाव ती जिंकली हे सांगायला नको. पण 'म्हणजे काही नाही' हे तिचं वाक्य रात्री आरती चालू असतानाही डोक्यात टाळांच्या मधेमधे वाजत राहिलं. रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. खेळाचे नियम तिच्या बाजूचे. तरी या घरात, याच खोक्यातल्या सोंगट्यांनी, असं वाक्य कुणी बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हा खोका अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. ते मुंबईत फोर्टला एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते. नोकरी संपली तेव्हा त्यांच्या पारशी साहेबाने घड्याळ-बिड्याळ न देता स्वतःच्या घरातला हा खेळ दिला. अण्णा एक ट्रंक, एक वळकटी आणि हा खोका घेऊन रत्नागिरीला भाट्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या घरी परत आले. लाकडी सोंगट्या होत्या. पावसाळ्यात त्या दमट होऊन फुगायच्या, पिशवीतून काढल्या की हाताला किंचित चिकटायच्या आणि त्यांना रॉकेल, जुनं लाकूड आणि माळ्यावरच्या सुकटीचा मिळून एक वास यायचा. मूळ क्यू फार लवकर हरवला. पडवीत खेळताना उडाला आणि पागोळ्यांच्या पाण्याबरोबर वाहून गेला असं माझा भाऊ सांगतो. अण्णांनी हापूसच्या पेटीची फळी कापून नवा क्यू केला आणि तापवलेल्या तारेने त्याच्यावर अक्षर डागलं. तो बाकीच्यांपेक्षा जाड झाला. त्यामुळे पिशवीत हात घातला की क्यू बोटांना कळायचा आणि आम्ही सगळे तो शिताफीने चुकवायचो. यू हातात नसला तर क्यूचं करायचं काय? अण्णा मात्र चाचपून चाचपून तोच उचलायचे.

नियम एकच होता: अर्थ सांग, मग ठेव. अर्थसुद्धा मराठीत सांगायचा. इंग्रजी शब्दाला इंग्रजीतच दुसरा शब्द सांगितला तर ती त्यांच्या मते टाळाटाळ. आम्हाला शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर' अशी सुरावर घोकंपट्टी चालायची. शेवटी ए-टी असलेले सगळे शब्द एका दमात. त्या माळेत कॅटला मांजर चिकटलेलंच यायचं. शब्द आणि अर्थ ही सुटी सुटी मिळणारी वस्तू आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, तोवर आमची शाळा कधीच संपली होती.

खरं तर ज्याने हा खेळ काढला त्याने अर्थाचा विचार केलाच नव्हता. आल्फ्रेड मोशर बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. १९३१च्या मंदीत नोकरी गेली आणि हा गृहस्थ वर्तमानपत्राचं पहिलं पान पुढे ठेवून त्यातली अक्षरं मोजायला लागला. कुठलं अक्षर किती वेळा येतं, एवढंच. त्या मोजणीतून ई आले १२, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड यांच्या वाट्याला एकेकच सोंगटी. एस मात्र त्याने मुद्दाम आवरून चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून अनेकवचन करत सुटला असता. दोन कोऱ्या धरून १०० सोंगट्या. 'स्क्रॅबल' हे नाव पुढे १९४८ साली जेम्स ब्रुनोने दिलं. पहिल्या पानावर मंदीच्या किती बातम्या होत्या, कुणाची बँक बुडाली होती, त्याच्याशी त्या मोजणीला देणंघेणं नव्हतं. भाची बट्सची खरी वारस आहे, अण्णा नव्हेत.

गणपती विसर्जन करून ठाण्याला गेल्यावर तिने मला तिची यादी पाठवली. दोन अक्षरी शब्द १२७, हे स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या २०१९च्या कॉलिन्स यादीप्रमाणे. पाठोपाठ क्यू असलेले पण त्याच्यापुढे यू नसलेले, जे असलेले, झेड असलेले, आणि असेच इतर लहान-मोठ्या शब्दांचे गठ्ठे. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, हे तिने लाल रंगात लिहिलं होतं. मी त्या यादीचे कागद छापून घेतले आणि समोर मराठीत अर्थ लिहायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणानंतर झोप येत नाही हल्ली, म्हणून म्हणा.

क्यू-आय निघाला चिनी. उच्चार 'ची'. अर्थ श्वास, प्राणशक्ती, शरीरातून वाहणारा जोम. चिनी वैद्यकाचा सगळा डोलारा त्याच्यावर. चीनने १९५८ साली रोमन लिपीत लिहायची जी पद्धत ठरवली तिच्यात 'च'च्या जवळच्या एका आवाजाला क्यू दिला, आणि अशा रीतीने प्राण स्क्रॅबलच्या पाटावर आला. अमेरिकेच्या यादीत तर तो २००६ साली आला, 'झेड-ए झा'च्या जोडीने. झा म्हणजे पिझ्झा. अमेरिकन पोरांनी पुढचा 'पि' खाऊन टाकलेला. एकाच वर्षी प्राण आणि पिझ्झा आत घेणारी ही यादी मला हळूहळू आवडायला लागली.

पुढे यू नसलेले क्यूचे बाकीचे बरेचसे शब्द अरबी वळणाचे. अरबीतला घशातून येणारा 'क' इंग्रजीत क्यूने लिहितात म्हणून: फकीर, नकाब, किब्ला, कव्वाल, तलाक. हे वाचताना मला राजिवड्याचा माझा वर्गमित्र आठवला. तो बारावीनंतर बोटीवर गेला तो पन्नाशीला परत आला. एस-यू-क्यू त्याला फोनवर वाचून दाखवला तर म्हणाला, "सूक! अगो, बाजार. एवढं काय त्यात? दर बंदराला सूक असतो." मग मी क्यू-ए-टी विचारला. त्यावर तो अर्धा तास बोलला. जिबूतीला बोट लागली की दुपारपर्यंत गाव कसं मरगळलेलं असतं, मग इथिओपियातून कातची ताजी पानं येतात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, आणि रस्ते एकदम जागे होतात. पानं शिळी झाली की गुण जातो, त्यामुळे रोजची रोज यावी लागतात. गालात गोळा धरून माणसं संध्याकाळपर्यंत बोलत बसतात. येमेनमध्येही तेच. "आपल्याकडे पान खाऊन माणूस थुंकतो आणि कामाला लागतो," तो म्हणाला, "तिकडे पान खाणं हेच काम." भाचीच्या यादीत क्यू-ए-टी समोर फक्त '१२' लिहिलेलं आहे.

जे-ए-के पाशी मात्र मी चष्मा काढून पुसला. जॅक, म्हणजे फणस! मल्याळीतला चक्का पोर्तुगीजांच्या तोंडी जाका झाला, इंग्रजांनी त्याचा जॅक केला. स्पेलिंगात मधला सी घातला नाही तरी चालतो. ८, १ आणि ५ मिळून १४ गुण. आमच्या परसात एक कापा आणि एक बरका उभा, आठळ्यांची भाजी खाऊन वाढलेली आमची पिढी, अण्णा जे हातात आला की सुस्कारा सोडायचे, आणि फणस त्या तीन सोंगट्यांत मावत होता हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. जे-ए-आय म्हणजे जय, तोही चालतो, १० गुणांना. आरत्यांमधल्या जयजयकारांचा हिशेब कुणी ठेवला तर गणपतीच जिंकेल. मुंगूस तर मराठीतून इंग्रजीत गेलेलं, पण त्याचं स्पेलिंग आठ अक्षरी, आणि हातात सोंगट्या असतात सात.

डी-ए-एच. डा. ब्रह्मदेशातलं जड पात्याचं हत्यार, कोयता आणि तलवार यांच्या मधलं. हा शब्द मला रत्नागिरीबाहेर भेटला असता तर मी पुढे गेले असते. पण आमची शाळेची सहल दर दोन वर्षांनी थिबा पॅलेसला जायची, कारण तिथे चालत जाता यायचं. १८८५ साली इंग्रजांनी थिबा राजाला मंडालेच्या गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, हा महाल बांधून झाला १९१० साली आणि १९१६ साली राजा इथेच वारला. गच्चीच्या कठड्यावरून तो समुद्राकडे बघायचा म्हणे. आम्ही त्या कठड्यावरून शेंगदाण्याची टरफलं खाली टाकायचो. आता वाटतं, कैदी राजाला हत्यार कोण देणार. पण त्याच्याबरोबर आलेल्या नोकरमाणसांत कुणीतरी स्वयंपाकघरात नारळ फोडत असेलच. त्याने कोयता हातात घेऊन तो 'डा' म्हटलं असेल, आणि शेजारच्या रत्नागिरीकर गड्याने म्हटलं असेल, हो, कोयता. अण्णांचा नियम तिथे न सांगताच पाळला गेला असेल.

आजीला इंग्रजी येत नव्हतं. चौथी शिकलेली. तरी ती खेळायला बसायची, कारण पावसाळ्यात सात वाजल्यानंतर या घरात दुसरं काही करण्यासारखं नसे. कंदिलाच्या उजेडात ती सोंगट्या तांदूळ निवडावेत तशी बोटाने बाजूला करत न्यायची. क्यूला ती 'शेपटीचं शून्य' म्हणायची, एक्सला 'फुली', डब्ल्यूला 'उलटा म'. कुठल्या आकाराशेजारी कुठला आकार बसतो हे तिला बघून बघून पाठ झालं होतं, आणि अण्णांनी ठेवलेले शब्द ती महिनाभराने बिनचूक पुन्हा ठेवायची. अर्थही तिने घोटलेले: फुलीच्या आधी गोल आला की बैल. एकदा तिने ए आणि आय शेजारी शेजारी ठेवले. अण्णा म्हणाले, "अर्थ?"

"आय."

"आय काय?"

"आय म्हणजे आय. आई. वाडीतली पोरं हाक मारतात ती." अण्णांनी मान हलवली. असा शब्द इंग्रजीत नाही. आजी म्हणाली, "तुमच्या इंग्रजांना आय नसते काय?" आम्ही पोरं हसलो, अण्णाही हसले, पण सोंगट्या उचलायला लावल्या. नियम म्हणजे नियम.

ए-आय भाचीच्या यादीत पहिल्याच ओळीत आहे. दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ, झाडाला उलटा टांगून घेऊन दिवस काढणारा, जगातल्या सगळ्यात संथ प्राण्यांपैकी एक. आमच्या आजीला आयुष्यात कुणी टेकलेलं बघितलं नाही, ती चूल, गोठा, विहीर आणि पुन्हा चूल अशी फिरायची. तिने जो शब्द ठेवला तो नेमका ह्या प्राण्याचा. भाचीच्या नियमाने तिला २ गुण मिळाले असते. अण्णांच्या नियमाने शून्य. मी अण्णांच्या नियमात वाढले, त्याचा मला अभिमान आहे, आणि तरी त्या संध्याकाळपुरता भाचीचा नियम लागू असायला हवा होता असं मला फार वाटतं.

नायजेल रिचर्ड्स नावाचा न्यूझीलंडचा एक माणूस आहे. इंग्रजी स्क्रॅबलचा कितीदा तरी जगज्जेता. त्याने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, आणि फ्रेंच त्याला येत नव्हतं. काही आठवडे फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली आणि फ्रेंच बोलणाऱ्यांना हरवलं. २०२४ साली हेच त्याने स्पॅनिशमध्ये केलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला थोडी शिसारी आली होती. एवढे शब्द पोटात आणि पाव मागता येत नाही! मग आजी आठवली आणि शिसारी टिकेना. आकाराशेजारी आकार. तिच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की त्याला हरकत घेणारे अण्णा नव्हते.

आणि अण्णांचं तरी काय? आरतीनंतर मंत्रपुष्पांजली सुरू झाली की सगळ्यात खणखणीत आवाज त्यांचा असायचा. 'भौज्यं' म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला विचारलं नाही, आम्हीही त्यांना विचारलं नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की आम्ही रामरक्षा म्हणायचो, त्यातलं निम्मं कळत नव्हतं, आणि तिचं काही अडत नव्हतं. अर्थ पुढे केव्हातरी आला, काहींचा अजून यायचा आहे. या बाबतीत अण्णांनी नियम का लावला नाही, हा प्रश्न मला ते असताना सुचला असता तर त्यांनी दिलेलं उत्तर ऐकायला आवडलं असतं. बहुधा 'ते खेळायला नसतं' असं काहीतरी म्हणाले असते.

मागे एकदा मी आणि भावाने मराठीतला असा खेळ करायचा घाट घातला होता. लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून चौकोन केले. काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दोन सोंगट्या, इथवर एकमत झालं. गाडी अडली ती ळपाशी. भाऊ म्हणाला, १० गुण. मराठीत ळने शब्द सुरूच होत नाही, म्हणजे तो आपला क्यू. मी म्हटलं, २. नारळ, केळ, तांदूळ, शहाळं, कोळी, गळ, जाळं, पोफळी, ओहळ: ळ काढून घेतला तर इथे माणूस जेवणार काय आणि मासे मारणार कशाने? शेवटी बट्सची युक्ती करू म्हणून मी वर्तमानपत्राचं पहिलं पान मोजायला घेतलं. त्या दिवशी पानभर पूल, निधी आणि पालकमंत्री. ळ एखाद्या 'वेळी'त आणि 'घोटाळ्या'त. भाऊ खूश झाला. पण मोजायला तो मिरकरवाड्याच्या जेटीवर बसला असता तर? जूनला बंद झालेली मासेमारी ऑगस्टात सुटते, त्यानंतरच्या एखाद्या सकाळी? कुठलं अक्षर महाग हे कुठे बसून मोजलं त्यावर आहे. चौकोन अजून बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत आणि ळची कोपऱ्यातली जागा कोरी आहे.

यादी मात्र पुढे सरकते आहे. एक्स-यू म्हणजे व्हिएतनामचं जुनं चिल्लर नाणं, डाँगचा शंभरावा भाग. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचं वासरू. जे-ओ म्हणजे स्कॉटलंडात लाडका नाहीतर लाडकी. इकडे आम्ही जो जो म्हणून पोराला झोपवतो. दोनदा ए, म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत, चालताना पाय फाडणारा लाव्हा. उच्चार 'आआ', जो पाय फाटल्यावर कोणत्याही भाषेत निघेल. भाचीला मी रोज एक-दोन अर्थ पाठवते. ती अंगठा पाठवते. परवा तिने आपणहून विचारलं की झो दूध देतो का. मादी देते, तिला झोमो म्हणतात, आणि तोही शब्द चालतो, हे कळल्यावर मात्र तीन अंगठे आले.

काल ओ-ई पाशी पोचले. त्याला दोन अर्थ. भाऊ झोपाळ्यावर चहा पीत बसला होता, त्याला वाचून दाखवले: एक, फेरो बेटांजवळ समुद्रात उठणारी वावटळ; दोन, स्कॉटलंडात, नातवंड.

त्याच्याकडे त्याची दोन्ही नातवंडं महिनाभर राहून नुकतीच गेली आहेत. त्याने बशी खाली ठेवली. "मग दोन कशाला लिहिलेत?" म्हणाला.